दोष एकट्या कातडीचा नाही

मा. संपादक,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माजी सैनिकांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता जास्त आढळते, ही आपल्या आरोग्य पानावरची बातमी वाचली. काळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणे शोषून घेते, म्हणून हे जीवनसत्त्व कमी तयार होते, हे त्यात दिलेले कारण बरोबर आहे. पण बातमी तिथेच थांबली. लष्करी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाल्यामुळे पुढचे लिहिल्यावाचून राहवत नाही.

रक्तात मिलिलीटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी आले की रिपोर्टवर ‘लो’ असा ठळक शेरा पडतो. २००५-०६च्या राष्ट्रीय पाहणीत या निकषाने अमेरिकेतले सुमारे ८२ टक्के कृष्णवर्णीय प्रौढ कमतरतेच्या रकान्यात गेले. तरीही त्यांच्या हाडांची घनता गोऱ्यांपेक्षा जास्त आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी! २०१३ साली एका संशोधनाने याचा उलगडा केल्यासारखे वाटले: जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिनच त्यांच्यात कमी, म्हणून मोकळे, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेले, जीवनसत्त्व गोऱ्यांइतकेच उरते. पुढे लक्षात आले, की वापरलेली चाचणीच कृष्णवर्णीयांत सर्रास आढळणारा त्या प्रथिनाचा प्रकार कमी मोजत होती. किटने असा दगा देणे आमच्या धंद्यात नवे नाही.

हाडे मजबूत आहेत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, असे मात्र कोणी समजू नये. ‘ड’ जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे शेवटचे काम मूत्रपिंड करते आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय अमेरिकनांत कितीतरी जास्त आहे. अशा रुग्णाला तपासणी, औषध आणि काही आठवड्यांनी फेरतपासणी, तिन्ही मिळायला हवे. पहिला रिपोर्ट ‘लो’ आल्यावर कोणाला परत बोलावले आणि कोणाचा कागद फायलीत गेला, याचा मेलॅनिनशी काय संबंध?

हे शोधणे तिथे अवघडही नाही. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत नव्वद लाखांहून अधिक लोकांची नोंदणी आहे आणि त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे संगणकावर आहेत. औषध कोणाला लिहून दिले, फेरतपासणी कोणाची झाली, हे वर्णानुसार काढता येते. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. तरी अपंगत्वाच्या भरपाईसाठी केलेले कृष्णवर्णीय माजी सैनिकांचे दावे एकंदरीत कमी प्रमाणात मंजूर होतात, हे तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २०२३मध्ये दाखवले. पैशाच्या दाव्यात जे घडते ते दवाखान्यात घडतच नसेल, असे निदान मी तरी धरून चालणार नाही.

जाता जाता एक तक्रार. बातमीखालच्या चौकटीत ‘रोज सकाळी कोवळे ऊन घ्या’ असा सल्ला होता. कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व तयार करणारी किरणे जवळजवळ नसतात. ती मिळतात दुपारच्या आसपास. सावळ्या कातडीला त्या उन्हातही गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपले बहुतेक वाचक सावळेच. शिवाय शिकागो-बोस्टनकडे राहणारी मराठी मंडळीही ई-पेपर वाचतात. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरदुपारीही या उन्हाचा उपयोग नाही. चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त लष्करी प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा