शिल्डिंगच्या रिपोर्टवर अँटेना कुठला तेही लिहायला लावा

मा. मंत्री महोदय,
नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. कंट्रोल पॅनल, सिग्नलची उपकरणं यांच्या पत्र्याच्या कॅबिनेटसाठी टेंडरमध्ये एक ओळ असते, शिल्डिंग (बाहेरच्या रेडिओ लहरी अडवायची ताकद) अमुक डीबी (डेसिबल, ती मोजायचं एकक) पाहिजे, मग कंपन्या तेवढा आकडा असलेला रिपोर्ट जोडतात आणि फाईल पुढे सरकते. तो आकडा कुठल्या अँटेनाने, पेटीत कुठे ठेवून काढला हे कोणी विचारतच नाही. मी रोज हेच टेस्टिंग करतो म्हणून कळकळीने लिहितोय, त्या आकड्यात पेटीबरोबर अँटेनाचाही हात असतो.

पेटी नसताना एका जागी फील्ड, म्हणजे लहरींचा जोर, किती आणि पेटीच्या आत त्याच जागी किती, यातला फरक म्हणजे शिल्डिंग. ऐकायला सोपं, पण आत अँटेना ठेवला की पेटी आधीसारखी राहतच नाही. 60 सेमी रुंद, 60 सेमी उंच आणि खोलीला कमी अशी रिकामी पेटी घ्या, तिचा पहिला रेझोनन्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला लहरी आत घुमून जोर धरतात तो, साधारण 350 मेगाहर्ट्झला येतो, आणि तिथे आतलं फील्ड बाहेरच्यापेक्षाही वाढू शकतं, म्हणजे शिल्डिंग चक्क मायनस. आता आत मोठा अँटेना टाकला तर तोच ती एनर्जी ओढून घेतो, रेझोनन्स दबतो, जागचा सरकतो आणि रिपोर्टवर पेटी छान दिसते. शिवाय अँटेनाचं कॅलिब्रेशन मोकळ्या जागेतलं, चार बोटांवर पत्रा आला की ते लागू पडत नाही. 30 मेगाहर्ट्झपासून चालणारा नेहमीचा बायकोनिकल (दोन शंकूंच्या आकाराचा) अँटेना तर सव्वा मीटरच्या वर असतो, तो या पेटीत मावणारच कसा?

एकदा मी मागच्या पत्र्यावर मधोमध छोटा मोनोपोल (एका सरळ दांडीचा अँटेना) लावला, 350 च्या आसपास शिल्डिंग धाडकन खाली आलेलं ग्राफवर स्पष्ट दिसलं. तोच मोनोपोल कोपऱ्याजवळ नेला आणि तो खड्डा जवळपास गायब. पेटी तीच, दार तेच, दाराची फट बुजवणारं गॅस्केट तेच. कारण त्या रेझोनन्सला फील्ड मधोमध सगळ्यात जास्त आणि कडेच्या भिंतींपाशी जवळपास शून्य. कोपऱ्यातलाच ग्राफ रिपोर्टला लावला असता तर पेटी बिनबोभाट पास झाली असती, आणि आतलं सर्किट नेमकं मधोमध बसतं.

नियम नाहीत असं नाही. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 299 हे स्टँडर्ड 2 मीटर आणि त्याहून मोठ्या खोल्यांसाठी आहे, लहान पेट्यांसाठी 2013 साली 299.1 आलं, 10 सेमीपासून 2 मीटरपर्यंत. तरी लहान पेटीच्या रिपोर्टवर नुसतं 299 लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

माझी मागणी एवढीच की टेंडरमध्येच अट घाला, रिपोर्टवर अँटेनाचा प्रकार, लांबी आणि जागा लिहिलेली हवी, रीडिंग आत अनेक ठिकाणी घेतलेलं हवं आणि त्यातलं सगळ्यात वाईट रीडिंग धरायचं, सरासरी नाही. केबल पेटीतून कशी बाहेर काढली तेही लिहायला लावा, नीट बसवली नाही तर तीच लहरी आत घेऊन येते. यासाठी नवीन लॅब लागत नाही, रिपोर्टच्या फॉर्ममध्ये चार रकाने वाढवायचेत.

आपला,
एक टेस्ट इंजिनिअर