खाडीचे दुखणे माशालाच विचारा

महोदय,

2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळालेल्या ठाणे खाडीत बाटलीभर पाण्याचा नमुना प्रदूषणाबद्दल त्या घटकेपुरतेच सांगतो, कारण पुढच्या भरतीला पाणीच बदलते. निवटी हा मासा मात्र खाडीच्याच चिखलात जगतो. जड धातूंमुळे माशाच्या यकृतात मेटॅलोथायोनीन हे प्रथिन वाढते, ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे मेंदूतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) मंदावते, आणि मासे मरून तरंगू लागण्यापूर्वीच हे बदल मोजता येतात. बाजारात कल्ला लालभडक दिसला की आपण मासा चांगला समजतो. यकृतातली इजा तिथे दिसत नाही. विणीच्या काळात ही मोजमापे बदलत असल्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाने दरवर्षी ठरावीक ऋतूंत माशांची ही तपासणी करावी आणि निष्कर्ष खाडीकाठच्या कोळीवाड्यांना मराठीतून कळवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे