तुमचा लोडर ट्रकसुद्धा सोयाबीनमध्ये मोजतो, त्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसातल्या ओळी स्नोफ्लेकमध्ये (रिपोर्टसाठीचं क्लाउडमधलं वेअरहाउस) नेणाऱ्या तुमच्या लोडर सॉफ्टवेअरच्या पाइपलाइनमध्ये 'अपसर्ट'चं आपोआप 'अपेंड' होणं, आणि काल दुपारचा फोन

महोदय,

तिकीट क्रमांक लिहीत नाही. चार तिकिटं टाकली, चारही आम्हाला न विचारता 'सोडवले' म्हणून बंद झाली. काल तुमच्या माणसानं फोन ठेवल्यावर मी आधी चहा पिला, मग हे लिहायला बसलो. चहानं फारसा फरक पडलेला नाही.

अपसर्ट म्हणजे ओळ आधीच असेल तर तीच बदलायची, नसेल तरच नवी घालायची, आणि अपेंड म्हणजे दर वेळी नवीच ओळ जोडायची, हे तुम्हाला सांगायला नको, माल तुमचाच आहे. आमच्याकडं काय घडतं तेवढं सांगतो. लातूरला औसा रोडच्या आमच्या वखारीत गाडी काट्यावर दोनदा चढते. भरून येते तेव्हा, आणि खाली होऊन निघते तेव्हा. पावती एकच. पहिल्यांदा भरलेलं वजन पडतं, रिकामं वजन शून्य असतं. दोन-तीन तासांनी हमाल गाडी मोकळी करतात, मग तीच ओळ अपडेट होते. तुमचा लोडर दर तासाला फिरतो, म्हणजे त्याला ही ओळ दोन्ही अवस्थांत सापडणारच. म्हणूनच पावती क्रमांक ही ओळ ओळखायची 'की' म्हणून देऊन आम्ही अपसर्ट निवडलं होतं. दसऱ्याच्या तोंडावर ओलाव्याचा एक कॉलम वाढवला, तुमच्याच सूचनेनुसार 'स्कीमा रिफ्रेश' (कॉलमांची यादी ताजी करायचं बटण) दाबलं, आणि लोडरनं गुपचूप मोड बदलून अपेंड केला. ना मेल, ना लाल अक्षर. रोज सकाळी हिरवी टिक.

एक पावती बघा. भरलेलं वजन 24,860 किलो, रिकामं 9,240, निव्वळ माल 15,620. तुमच्या कृपेनं वेअरहाउसमध्ये दोन ओळी: एकीत निव्वळ 24,860, दुसरीत 15,620. बेरीज 40,480. म्हणजे माल दोनदा मोजला तो मोजला, वर अख्खा ट्रक, टायर-इंजिनासकट, सोयाबीन म्हणून जमा. मालकांनी रिपोर्ट बघून मला एवढंच विचारलं, "इतकं सोयाबीन आपल्या वखारीत मावतं का रे?" ऐन हंगामात, दोन आडत्यांसमोर.

तुमच्याकडून आलेले उपाय. पहिला: स्नोफ्लेकच्या टेबलाला प्रायमरी की लावा, डुप्लिकेट थांबतील. अहो, तिथल्या साध्या टेबलात प्रायमरी की नुसती नोंदीपुरती असते, ती डुप्लिकेट अडवत नाही. हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्या वेअरहाउससाठी लोडर विकणाऱ्याला ते ग्राहकानं वाचून दाखवावं लागलं. दुसरा: 'फोर्स लोड'वर टिक करा. स्नोफ्लेकची फाइल भरून घेणारी कॉपी कमांड एकदा भरलेली फाइल 64 दिवस लक्षात ठेवते आणि परत आली तर सोडून देते. तेवढा एक राखणदार जागा होता, फोर्सनं तोही तुम्ही झोपवला. दोनाच्या चार ओळी झाल्या. तिसरा: दर पाच मिनिटांनी चालवा. स्नोफ्लेकचं झोपलेलं कॉम्प्यूट, म्हणजे काम करणारं यंत्र, उठलं की किमान 60 सेकंदांचे पैसे लागतात, ते कोण भरणार?

आता कालचा फोन. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाचव्यांदा. तुमचा माणूस म्हणाला, "सर, तुमच्या एरियात नेटचा प्रॉब्लेम असेल. रेंज गेली की रेकॉर्ड दोनदा जातं." मी म्हणालो, आमचा डेटाबेस मुंबईच्या क्लाउडमध्ये, तुमचा लोडर क्लाउडमध्ये, वेअरहाउस क्लाउडमध्ये. डेटा लातूरला येतच नाही. मी लॅपटॉप मिटून झोपलो तरी पाइपलाइन चालते, आणि चालते हेच तर दुखणं आहे. तो म्हणाला, "एक मिनिट होल्ड करा." अकरा मिनिटं सनई ऐकली. आमच्याकडं सनई लग्नात वाजते, निदान जेवायला तरी मिळतं. मग परत आला आणि म्हणाला, "सर, लातूर म्हणजे ते रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेच ना?" मागं कोणीतरी हसलं. मी ते ऐकलं.

हो, तेच. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून पाण्याची गाडी. त्या उन्हाळ्यात मी घागर घेऊन रांगेत उभा होतो, त्यामुळं माहिती माझ्याकडं पक्की आहे. फोनवर सुचलं नाही, आता लिहितो: त्या गाडीची प्रत्येक वाघीण आम्ही एकदाच रिकामी केली आणि एकदाच मोजली. पाण्याबरोबर वाघिणीचं लोखंड पाणी म्हणून कोणी धरलं नव्हतं. तुमच्या लोडरला एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

आणि बिल! तुम्ही ओळींवर पैसे घेता. तुमच्याच चुकीनं दुप्पट झालेल्या ओळी, फोर्सनं चौपट झालेल्या ओळी, सगळ्या बिलात व्यवस्थित आहेत. तिथं मात्र एकही ओळ हुकली नाही. आणि वर हिरवी टिक. रोज हिरवी टिक.

ग्राहक आयोगाची धमकी देत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला 2019 च्या कायद्यात ते दार बहुतेक बंदच आहे, आणि तुमच्या वकिलांना ते ठाऊक असणार. पण जास्तीच्या ओळींचे पैसे परत हवेत, आणि मोड न विचारता का बदलला याचं लेखी उत्तर हवं. हे पंधरा दिवसांत झालं नाही तर मार्चनंतर नूतनीकरण नाही. आडत बाजारात चार जण आमच्याकडं बघूनच तुमचा लोडर घेणार होते. त्यांनाही 40,480 ची पावती दाखवलेली आहे. वाईट याचंच वाटतं की तुमचं नाव मालकांना मीच सुचवलं होतं.

काल रात्री पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्टेजिंग, म्हणजे तात्पुरत्या टेबलात ओढायचं, पावती क्रमांकावर मर्ज मारायचं (ओळ असेल तर तीच बदलायची, नसेल तर नवी), बस. आज सकाळी 214 पावत्या, 214 ओळी.

उत्तर मेलवर द्या. फोन केलाच, तर त्या माणसाला देऊ नका.

खरेदी विभागाचा डेटा बघणारा,
लातूर