बाटलीवरची लोंबी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दिग्या,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण सध्या एकच काम जीव ओतून करतोय. आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीचं सगळं रूपडं माझ्याकडं आलंय: बोधचिन्ह, लेबल, बूच, खोकं. बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, ते बेळगावी बासमती तांदूळ वापरतात. तांदूळ आधी वेगळा शिजवून मग माल्टमध्ये मिसळायचा, म्हणजे माल्टमधली एन्झाइम्स त्याच्या पिठाची साखर करतात. अशी बिअर रंगानं फिकट आणि चवीला हलकी उतरते.

मालकांना लेबलवर राजहंसगड हवा होता. मी पहिल्याच बैठकीत नको म्हटलं. गडावर महाराजांचा पुतळा आहे, माणसं तिथं माथा टेकतात. तो गड बिअरच्या बाटलीवर घालायला माझा हात धजणार नाही. आणि गड बघून आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कळणार तरी कसं? गडाखालच्या येळ्ळूरच्या शिवारात पिकतं तेच बाटलीत आहे, मग तेच दाखवूया की, असं म्हटलं. पटलं त्यांना.

बिअरच्या लेबलांवर बहुतेक बार्लीचं कणीस असतं, लांब कुसळांचं. भाताची लोंबी वेगळी. दाणे भरले की ती मानेतून वाकते, आणि सगळा भार एका बाजूला येतो. कापणीच्या आधी येळ्ळूरला बांधावर बसून मी तेवढा बाकच काढत राहिलो. आता लोंबी बाटलीच्या गळ्यावरून झुकते आणि शेवटचा दाणा पोटावरच्या नावाला टेकतो. रंग दोनच, काळ्या मातीचा आणि पिकल्या भाताचा.

नाव कन्नडमध्ये आणि देवनागरीत, शेजारी शेजारी. वर कुठलं नि खाली कुठलं यावरून इथं काय पेटतं ते तुला ठाऊकच आहे. पण एका मापात बसवूनही दोन्ही सारखी दिसेनात. देवनागरीची शिरोरेषा डोळा आपल्याकडं ओढते, कन्नडची गोल वळणं मागं पडतात. मग रेघ बारीक केली, कन्नडच्या वळणांना जाडी दिली. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाला बाटली आपली वाटली पाहिजे, यावर मी तसूभरही हटणार नाही.

काचेवरून मात्र बरीच ओढाताण झाली. फिकट रंग दिसावा म्हणून मालकांना पांढरी काच हवी होती. पण उजेड लागला की हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू द्रव्यं बिघडतात आणि बिअरला उग्र वास मारतो. तपकिरी काच तो उजेड अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. शेवटी तपकिरीच ठरली. ‘पचायला हलकी’ ही ओळही गेली, दारूच्या लेबलवर आरोग्याचा दावा चालत नाही. २०१९ पासून वैधानिक इशारा सक्तीचा आहे, आणि २०० मिलीच्या वरच्या बाटलीवर त्याची अक्षरं निदान ३ मिलिमीटर उंच लागतात. आपली बाटली ३३० मिलीची. म्हणून आधी इशाऱ्याची जागा आखली, मग चित्र मांडलं.

कागदाचं तर विचारू नकोस. बर्फाच्या बादलीत लेबल सुटता कामा नये, आणि बाटली परत आली की गरम कॉस्टिकच्या पाण्यात ते अख्खं निघून आलं पाहिजे, लगदा न होता. त्यासाठी वेट स्ट्रेंथ कागद घेतला, भिजला तरी न फाटणारा. त्यावर काळा रंग जरा मरतो, म्हणून छापखान्यात पुन्हा प्रूफ काढायला सांगितलंय. २४ बाटल्यांच्या खोक्यावर एकाच रंगात लोंबी, बाकी पुठ्ठा उघडाच.

आधीचं प्रूफ पत्रासोबत ठेवलंय. तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भात लावतात, तेव्हा आईंनाही दाखव. लोंबीचा बाक खरा वाटतो का, दाणे विरळ झालेत का, एवढं सरळ लिहून कळव. छपाईच्या प्लेट पुढच्या आठवड्यात करायच्या आहेत.

तुझा,
पक्या