विषय : आपण बांधलेल्या गृहसंकुलाच्या मध्यवर्ती उद्यानातील वाळलेली झाडे आणि त्यावरील आपले खुलासे

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

महोदय,

आपल्या ग्राहक कक्षाशी आज झालेल्या संभाषणानंतर तोंडी तक्रारीत काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र.

मंजूर आराखड्यात दाट सावलीचे दाखवलेले उद्यान तळघरातील वाहनतळाच्या स्लॅबवर आहे, हे आपणांस सांगायला नको. तो स्लॅब आपणच घातला आहे. मोठ्या वृक्षाला साधारण एक मीटर तरी खोल माती हवी. माळ्याने वाळलेले झाड उपटले, तेव्हा खाली दीड वीत मातीनंतर निचऱ्याची जाळी लागली आणि रोपवाटिकेची काळी पिशवी न काढताच झाड लावल्यामुळे मुळे आतल्या आत वेटोळी घालून बसलेली दिसली.

हे सांगितल्यावर आपल्या प्रतिनिधीने विचारले, "झाडांना पाणी घालता का?" पिशवीचा मुद्दा पुन्हा मांडला, तर ती "संरक्षणासाठी असेल" असे कळले. मातीच्या खोलीबद्दल विचारताच "चित्रातील झाडे प्रातिनिधिक आहेत" हे उत्तर मिळाले. उन्हाळाही प्रातिनिधिक ठेवला असता, तर आमची तक्रार नव्हती. त्यानंतर मला बराच वेळ संगीत ऐकवून त्यांनी परत येऊन तोच प्रश्न केला : पाणी घालता का? फोन ठेवतो न ठेवतो तोच, तक्रार 'ग्राहक समाधानी' या शेऱ्यासह बंद झाल्याचा संदेश आला.

रस्त्याचे पावसाचे पाणी मुरवण्यासाठी आखलेल्या खोलगट पट्ट्यात आपण भर घालून हिरवळ अंथरली आणि कडेचा कठडा सलग बांधला; त्यामुळे पाणी आत शिरण्याऐवजी इमारतीच्या दाराशी साचते. पदपथाचा उतार 1:12 पेक्षा (बारा फुटांत एक फूट चढ) तीव्र आहे, चाकाची खुर्ची तेथे एकट्याने चढवता येत नाही.

पण मूळ प्रश्न मातीचाच आहे, आणि तो पाणी घालून सुटणारा नाही. वरून माती ओतून वेळ मारून नेऊ नये. ओल्या मातीचा भार घनमीटरला दीड टनाहून अधिक होतो, तो स्लॅबला पेलेल की नाही याचे संरचना अभियंत्याचे लेखी प्रमाणपत्र आधी द्यावे. प्रत्यक्ष बांधकामाचा छेद-नकाशाही (आतले थर दाखवणारा उभा काप) सोबत हवा. आपल्या नावावर विश्वास ठेवून घर घेतले होते, याचे आता वाईट वाटते. ही कागदपत्रे मिळेपर्यंत उद्यानाच्या हस्तांतरपत्रावर माझी सही होणार नाही, आणि महिनाभरात ती न आल्यास काळ्या पिशवीच्या छायाचित्रांसह ग्राहक न्यायालयात दाद मागेन.

एक सदनिकाधारक