नवा राउटर, जुने स्पीकर

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

राउटर बदलल्यावर हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला, दोन्ही एको डॉट स्पीकर गप्प झाले, तरी ते बिघडलेले नाहीत. त्यांच्या लक्षात जुन्याच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड आहे, आणि ते वाय-फाय आता घरात नाही. म्हणून बाबा, स्पीकरना हात लावू नका. नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या. टीव्ही नि प्रिंटरही मग आपसूक जोडले जातील.

आधी जुना राउटर बंद करा. तो चालू राहिला तर एकाच नावाची दोन वाय-फाय होतील, आणि स्पीकर नेमका बिननेटच्या राउटरला जाऊन चिकटेल. मग आईच्या अँड्रॉइड फोनवर सेव्ह केलेल्या नेटवर्कांत जुनं नाव शोधून 'शेअर' दाबा. क्यूआर कोडखाली बहुधा पासवर्डही दिसतो, तो जसाच्या तसा कागदावर उतरवा. एक अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं, किंवा नावाच्या शेवटी स्पेस जास्त पडली, तरी स्पीकरच्या लेखी ते परकंच वाय-फाय.

आता फोन नव्या वाय-फायवर ठेवून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुतेक वेळा 192.168.1.1 असतो, जिओफायबरचा 192.168.29.1. इथे विचारतात तो राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड, वाय-फायचा नव्हे. गफलत हमखास इथेच होते. वायरलेसच्या पानावर एसएसआयडी म्हणजे नाव. 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या दोन फ्रिक्वेन्सी, दोन्हीकडे तेच नाव नि तोच पासवर्ड भरा. सिक्युरिटी, म्हणजे वाय-फायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए2 ठेवा. नुसतं डब्ल्यूपीए3 असेल तर जुनी उपकरणं अडतात. सेव्ह केलं की फोनचंही वाय-फाय तुटेल, ते तुटायचंच.

तरीही एखादा डॉट बोलला नाही, तर त्याच्यावरचं ठिपक्याचं बटण रिंग नारिंगी होईपर्यंत दाबून धरा आणि लगेच सोडा. तिसऱ्या पिढीच्या डॉटवर हेच बटण 25 सेकंद धरलं तर सगळं पुसलं जातं. रिंग नारिंगी झाली की तो डॉट अलेक्सा अ‍ॅपमध्ये नव्याने जोडा. त्या वेळी फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू हवं, व्हीपीएन (नेट आडवाटेने नेणारं अ‍ॅप) असेल तर ते बंद. गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, निवडू नका.

रिंग लाल दिसली तर मात्र राउटरच्या वाटेला जाऊच नका. धूळ पुसताना माइक बंद करायचं बटण दाबलं गेलेलं असतं. ते पुन्हा दाबलं की झालं.

आई, तुझा डॉट मायक्रोवेव्हपासून हातभर लांब ठेव. मायक्रोवेव्हही 2.4 गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो, त्यामुळे भाजी गरम करताना गाणं अडखळतं.

तुमची,
मनू