आप्पांना ‘मला शिकवा’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मिरजेला तुमच्या ओपीडीत रोज एवढे पेशंट येतात की नावावरून आम्ही लक्षात येणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदवाले आप्पा म्हटलं की आठवेल. मी त्यांची मुलगी. तोंडानं आभार मानायला गेले तर गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र.

आप्पांची हयात अडत दुकानात गेली. सौद्याआधी ढिगातलं हळकुंड उचलायचं, कडकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि नाकाशी न्यायचं. माल नीट वाळलाय का, पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, राहून दमट झालाय का, हे त्यांना त्या एका श्वासात कळायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीभर फिरले होते. अशा माणसाला व्हायरल ताप आला. ताप उतरला, पण वास कायमचा घेऊन गेला असं वाटलं. पुढं थोडं काही जाणवायला लागलं तेही भलतंच. चहाला जळक्या रबराचा वास, आमटी तोंडाजवळ नेववेना.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कुठं कुठं गेलो नाही! एकांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी नाकात टॉर्च मारली आणि म्हणाले, “या वयात चालायचंच. वास नाही आला म्हणून कुणी मरत नाही.” पुढच्या पेशंटला हाकही मारून झाली होती. मॅडम, त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. गॅसची नळी गळत होती आणि आप्पा शेगडीशेजारी पेपर वाचत बसले होते, हे आम्ही घरात बघितलंय. यार्डातली पोरंही मुद्दाम दोन हळकुंडं पुढं धरून “आप्पा, सांगा बघू” म्हणायची. आप्पांनी सौद्याला जाणंच सोडलं.

तुम्ही दुर्बिणीनं तपासलंत, कागदपत्रं बघितलीत, ते सगळं झालं. मला लिहायचंय ते त्यानंतरचं. आप्पांचा हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जात होता, ते तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, “काका, खिशात काय आहे?” त्यांनी ओशाळून हळकुंड काढलं. तुम्ही ते घेतलंत, त्यांच्यासारखंच मोडायचा प्रयत्न केलात, मोडलं नाही. मग त्यांच्याकडून मोडून घेतलंत, डोळे मिटून हुंगलंत आणि म्हणालात, “मला ही नुसती हळद वाटते. तुम्हाला यात काय काय कळायचं? मला शिकवा.” आणि वही उघडून लिहायला बसलात. आप्पा सांगत होते, तुम्ही मध्ये थांबवून “दमट म्हणजे मातीसारखा की बुरशीसारखा?” असं विचारत होता. इतक्या दिवसांत आप्पा पहिल्यांदा ताठ बसलेले मी बघितले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, “मॅडम, माझं गेलंय ते नाकातलं का डोक्यातलं?” तुम्ही हसला नाहीत. कागदावर चित्र काढलंत. नाकाच्या छतात वास पकडणाऱ्या पेशी असतात, माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार, आणि एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचा ग्राहक, म्हणजे वासाचे कण पकडणारा रिसेप्टर. (हे ग्राहक १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी शोधले, २००४ साली त्यांना नोबेल मिळालं, हे मी घरी येऊन वाचलं.) एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे धागे कवटीच्या बारीक भोकांतून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या वासाच्या केंद्रात, ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, ठरलेल्या गाठींपाशीच पोचतात. तिथून मायट्रल पेशी निरोप पुढं नेतात. त्यांच्या आजूबाजूला ग्रॅन्यूल पेशी असतात, त्यांचं काम हे निरोप दाबण्याचं. मिळतेजुळते दोन वास आले की त्या गोंगाट कमी करतात, म्हणून फरक उठून दिसतो. हे दाबणं वाढवलं की उंदीर जवळजवळचे वास लवकर वेगळे ओळखतात आणि घटवलं की त्यांना वेळ लागतो, असं प्रयोगांत दिसलंय. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही उंदरांवर अशा प्रकारचं काम चालतं, हे ऐकून आप्पांना फार अप्रूप वाटलं.

“काका, तापानं मार बसलाय तो बहुतेक नाकातल्या पेशींना,” तुम्ही म्हणालात. “त्या जन्मभर नव्यानं तयार होत राहतात. नवे धागे कधी चुकीच्या गाठीला जाऊन भिडत असावेत, म्हणून चहा जळका लागतो. पण दोन हळदींतला फरक तुम्ही शिकलात तो वरती, मेंदूत. तो तापानं पुसलेला नाही.”

हे शेवटचं वाक्य ऐकून आप्पा बाहेर बाकावर बसून रडले. तुम्हाला ते माहीत नाही.

पुढं काय करायचं ते तुम्ही सांगितलंतच. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, सकाळ-संध्याकाळ हुंगायचं आणि हुंगताना तो वास मनात आणायचा. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ साली बारा आठवड्यांच्या अभ्यासातून दाखवलेली ही रीत. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत, खोटी आशा लावली नाहीत. फक्त पाचवी बाटली हळदीची ठेवायला लावलीत. आई रोज पाची बाटल्या देवघराशेजारी मांडून ठेवायची.

मिरजेला दवाखाने आणि हुशार डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण अडत दुकानातल्या म्हाताऱ्याला समोरच्या बाईनं शिक्षकाचा मान द्यावा, त्याचं ज्ञान लिहून घ्यावं, यासाठी माणूस आतून भला असावा लागतो. औषधाच्या चिठ्ठीइतकीच त्याची गरज असते, हे मला आप्पांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आता लवंग पूर्ण येते, लिंबू येतं. चहाचा जळकेपणा बराच कमी झालाय. हळद येते, पण लांबून आल्यासारखी, आणि दोन लॉटमधला फरक अजून पक्का सांगता येत नाही. तरी आप्पा पुन्हा यार्डात जातात. तुमच्या वहीत पेवातल्या मालाबद्दल लिहायचं राहिलंय, असं त्यांचं म्हणणं आहे. फेब्रुवारीत नवी हळद आली की जुनी आणि नवी अशा दोन पुड्या घेऊन ते ओपीडीत येणार आहेत. दहा मिनिटं जास्त लागतील, तेवढी त्यांच्यासाठी राखून ठेवा.

तुमची ऋणी,
आप्पांची मुलगी, सांगली